वाद न मिटताही युद्ध थांबते

जगात कुठेही युद्ध पेटले की आपल्याकडच्या चर्चेत दोन प्रश्न हटकून पुढे येतात: चूक कोणाची आणि कायमचा तोडगा काय? पहिला प्रश्न न्यायाचा आहे, त्याला बगल देता येत नाही. दुसरा मात्र वाटतो तितका उपयोगाचा नाही. एकाच भूमीवर दोन समाज हक्क सांगत असतात, दोघांच्याही दाव्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी असतात, तेव्हा दोघांना पटेल असा कायमचा तोडगा बहुतेक वेळा हाती नसतोच. तो सापडेपर्यंत थांबायचे म्हटले तर माणसे मरत राहतात. गेल्या चार दशकांत टिकलेल्या काही महत्त्वाच्या शांतता करारांची कलमे वाचली तर एक गोष्ट नजरेत भरते. मूळ वादाचा निकाल त्यांनी लावलेलाच नाही. वाद पुढे कोणत्या रीतीने चालवायचा, निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा, एवढे त्यांनी ठरवले आणि त्या रीतीला दोन्ही बाजूंची संमती मिळवली. शांतता याच संमतीवर उभी राहते, असे माझे मत आहे, आणि त्याची कसोटी उत्तर आयर्लंडच्या उदाहरणावर नीट लागते.

तिथला वाद साधा नव्हता. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथल्या प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांना ब्रिटनमध्येच राहायचे होते, कॅथलिक अल्पसंख्याकांपैकी बहुतेकांना अखंड आयर्लंड हवा होता. घरांचे वाटप, नोकऱ्या, स्थानिक निवडणुकांतला मताधिकार या सर्वांत कॅथलिकांना डावलले जात होते. १९६८ मध्ये त्याविरुद्ध नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, पुढच्या वर्षी रस्त्यावर ब्रिटिश सैन्य आले आणि पाहता पाहता हक्कांच्या मागणीचे रूपांतर सशस्त्र संघर्षात झाले. एका बाजूला आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए), दुसऱ्या बाजूला ब्रिटननिष्ठांच्या सशस्त्र टोळ्या आणि मध्ये सरकारी फौजा. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात मोर्चावर सैनिकांनी गोळीबार केला, तेरा जण जागीच ठार झाले. मृत निर्दोष होते हे सरकारी चौकशीने मान्य करायला आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला २०१० उजाडले. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या त्या प्रदेशातल्या संघर्षाने तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक बळी घेतले.

तोडगा काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७३ च्या डिसेंबरमध्ये सनिंगडेल येथे झाला. दोन्ही समाजांनी मिळून सरकार चालवायचे आणि उत्तर व दक्षिण आयर्लंडने एक संयुक्त मंडळ स्थापायचे, अशी ती योजना होती. कागदावर ती आणि पंचवीस वर्षांनी झालेला करार यांत विलक्षण साम्य आहे. तरीही १९७४ च्या मे महिन्यात ब्रिटननिष्ठ कामगारांच्या संपाने वीजपुरवठा खिळखिळा केला आणि ते सरकार पाच महिन्यांत कोसळले. याचे कारण शोधताना योजनेतल्या कलमांपेक्षा ती कशी झाली हे पाहावे लागते. शस्त्र हाती असलेल्या कोणत्याही गटाला त्या टेबलावर जागा नव्हती. संपूर्ण बेटावर हक्क सांगणारी कलमे आयर्लंडच्या राज्यघटनेत तशीच होती, त्यामुळे संयुक्त मंडळ म्हणजे मागच्या दाराने होणारे विलीनीकरण आहे, अशी भीती प्रॉटेस्टंटांना वाटली. आणि लोकांचा कौल कोणी घेतलाच नव्हता. तोडगा शहाणपणाचा होता, पण तो आपला आहे असे म्हणणारे पुरेसे लोक नव्हते.

१० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार याच ठिकाणी वेगळा ठरला. उत्तर आयर्लंड शेवटी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या कराराने दिले नाही. तिथल्या बहुसंख्य लोकांची इच्छा आहे तोवर तो प्रदेश ब्रिटनचा भाग राहील आणि उद्या बहुमत अखंड आयर्लंडच्या बाजूने झाले तर दोन्ही सरकारांना ते मान्य करावे लागेल, एवढे त्याने ठरवले. हे तत्त्व नुसते उच्चारून करारकर्ते थांबले नाहीत. बहुमत बदलल्याची शक्यता दिसली तर ब्रिटनच्या संबंधित मंत्र्याने सार्वमत घेतलेच पाहिजे, आणि एकदा घेतल्यावर पुढची सात वर्षे पुन्हा घेता येणार नाही, इतक्या तपशिलात ते लिहिले गेले. स्वतःला ब्रिटिश म्हणायचे, आयरिश म्हणायचे की दोन्ही, हे ज्याने त्याने ठरवावे आणि तसे नागरिकत्व घ्यावे, हा हक्क मिळाला. आयर्लंडने राज्यघटनेतला भूमीवरचा दावा मागे घेतला आणि त्या जागी एकीकरणाची इच्छा व संमतीची अट नोंदवली. कराराची पुस्तिका घरोघरी पोचवली गेली आणि २२ मे रोजी बेटाच्या दोन्ही भागांत एकाच दिवशी मतदान झाले. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के मतदारांनी होकार दिला. ब्रिटनमध्ये राहू इच्छिणारा आणि ब्रिटनमधून बाहेर पडू इच्छिणारा, असे दोघेही आपले ध्येय न सोडता त्याच कागदावर होकार देऊ शकले, यात या कराराचे मर्म आहे.

अशी संमती एका बैठकीत जुळून येत नाही. कॅथलिकांचे मवाळ नेते जॉन ह्यूम यांनी आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाच्या जेरी अ‍ॅडम्स यांच्याशी बोलणी सुरू केली तेव्हा त्यांच्यावर दहशतवाद्यांना प्रतिष्ठा दिल्याचा आरोप झाला. ब्रिटिश सरकार जाहीरपणे बोलणी नाकारत असतानाही आयआरएशी गुप्त संपर्क ठेवून होते. १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली, १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या गोदी भागातल्या स्फोटाने ती मोडली, १९९७ मध्ये पुन्हा जुळली. आधी सगळी शस्त्रे द्या, मगच बोलू, या अटीवर गाडे अडून बसले होते. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या समितीने मधली वाट सुचवली: केवळ लोकशाही मार्ग वापरण्याची बांधिलकी आधी जाहीर करा, शस्त्रांचे काम बोलण्यांबरोबर चालू द्या. टेबलावर कोण बसणार हे निवडणुकीने ठरवण्यात आले, त्यामुळे लहान पक्षांनाही जागा मिळाली. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांनी १९९६ मध्ये स्थापलेली महिला आघाडी त्यांतलीच. पीडितांच्या गरजा, एकत्रित शिक्षण, नागरी व्यासपीठ हे विषय करारात येण्यामागे या आघाडीचा आग्रह होता. बड्या पक्षांची नजर सत्तेच्या वाटपावर होती, रोजच्या जगण्याचे प्रश्न या स्त्रियांनी टेबलावर आणले.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो न्यायाचा. शस्त्रसंधी पाळणाऱ्या गटांच्या कैद्यांना दोन वर्षांत सोडण्याचे कलम करारात होते. त्यानुसार चारशेहून अधिक कैदी बाहेर आले आणि त्यांत खुनाबद्दल जन्मठेप भोगणारेही होते. ज्यांची मुले, नवरे, भाऊ गेले त्यांना मारेकरी गावात मोकळे फिरताना पाहावे लागले. हा अन्याय नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्यायला हव्यात. ही सुटका परवान्यावर होती, पुन्हा हिंसेकडे वळल्यास माणूस तुरुंगात परत जाणार होता. आणि तुरुंगातल्या सशस्त्र माणसांची संमती नसेल तर बाहेरची शस्त्रसंधी टिकणार नाही, हे सर्वांना कळत होते. म्हणूनच ब्रिटिश मंत्री मो मोलम १९९८ च्या जानेवारीत स्वतः मेझ तुरुंगात जाऊन ब्रिटननिष्ठ कैद्यांशी बोलल्या. गेलेल्यांना न्याय आणि जिवंत असलेल्यांचे जीव, यांत निवड करण्याची वेळ येऊ नये. पण ती आली तर जिवंतांच्या बाजूने कौल देणे मला योग्य वाटते, फक्त ही किंमत कोणी मोजली हे राज्याने विसरता कामा नये. उत्तर आयर्लंडची खरी चूक तिथे झाली. सत्यशोधन आणि पीडितांचे हक्क वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले आणि त्याबद्दलचा रोष आजही रास्त आहे.

करार झाला आणि चारच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, ओमा गावच्या बाजारपेठेत आयआरएतून फुटलेल्या गटाने बॉम्ब उडवला. २९ माणसे गेली. करार मोडायला एवढे निमित्त पुरेसे होते, पण तो मोडला नाही. शस्त्रे दोन वर्षांत निकाली काढण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात आयआरएचे काम २००५ च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण झाले. कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलँ यांच्या आयोगाने ते तपासले आणि एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट असे दोन धर्मोपदेशक साक्षीला होते. पोलीस दलात कॅथलिकांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. दलाचे नाव, बोधचिन्ह, देखरेखीची व्यवस्था असे सगळे बदलून २००१ पासून दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांतून केली गेली आणि ते प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात गेले. हे बदल चालू असतानाच, २००७ मध्ये, शिन फेनने पोलिसांना मान्यता दिली. त्याच वर्षी प्रॉटेस्टंटांचे कडवे नेते इयन पेस्ली मुख्यमंत्री झाले. पेस्लींच्या पक्षाने वाटाघाटी सोडल्या होत्या, करारावर सही केली नव्हती आणि सार्वमतात विरोधी प्रचार केला होता. पण सत्तेवर यायचा रस्ता त्याच कराराच्या नियमांतून जात होता. एकेकाळी आयआरएमध्ये सेनानी असलेले मार्टिन मॅकगिनिस उपमुख्यमंत्री म्हणून त्यांच्याबरोबर बसले. नियम पक्का असला की विरोधकही हळूहळू त्याचा वापर करू लागतो आणि वापरता वापरता त्याचा राखणदार होतो.

या सगळ्यातून मिळाले काय, असे विचारणाऱ्यांचीही बाजू आहे. बेलफास्टमधल्या वस्त्यांना विभागणाऱ्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. बहुसंख्य मुले आजही आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय सरकार चालत नसल्याने ते पुन्हा पुन्हा बंद पडते: २००२ ते २००७, २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४. सत्तेचे वाटपच समाजाच्या नावाने झाल्यामुळे दोन्हींत न बसणाऱ्यांची अडचण होते, हा आक्षेपही खरा आहे. माझे म्हणणे एवढेच की हे अपयश राजकारणाचे आहे आणि राजकारणाच्या अपयशाने माणसे मरत नाहीत. १९७२ या एका वर्षात तिथे पावणेपाचशेच्या आसपास माणसे मारली गेली होती. करारानंतरच्या पंचवीस वर्षांतले सगळे मृत्यू मिळूनही त्याच्या निम्मे भरत नाहीत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न पुन्हा पेटला, सरकार दोन वर्षे ठप्प राहिले, पण सैन्य रस्त्यावर आले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत शिन फेनच्या मिशेल ओनील मुख्यमंत्री झाल्या. अखंड आयर्लंड मागणारी व्यक्ती त्या पदावर प्रथमच बसली आणि तेही मतपेटीतून.

मूळ प्रश्न पुढे ढकलणे म्हणजे पळवाट आहे, असाही एक आक्षेप घेतला जातो आणि त्यासाठी ऑस्लो कराराचा दाखला दिला जातो. १३ सप्टेंबर १९९३ रोजी इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांनी सह्या केल्या. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे कळीचे विषय नंतरच्या बोलण्यांसाठी ठेवले आणि पाच वर्षांचा संक्रमणकाळ ठरवला. शेवट काय झाला ते आपण पाहतोच आहोत. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याला पुष्टीच देते. ऑस्लोने प्रश्न पुढे ढकलला, मात्र तो सोडवायची रीत ठरवली नाही. पाच वर्षांत एकमत झाले नाही तर कोण निर्णय देणार, याला उत्तर नव्हते. दरम्यान जमिनीवरची परिस्थिती बदलायला बलवान बाजूला मोकळीक होती, त्यामुळे वसाहती वाढत गेल्या. दुसरीकडे बसमधल्या स्फोटांनी इस्रायली नागरिकांचा भरवसा संपवला आणि १९९५ मध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांचाच एका इस्रायली अतिरेक्याने खून केला. उत्तर आयर्लंडमध्ये ज्या प्रश्नावर निर्णय टाळला, तो घेण्याचा अधिकार मतदारांना दिला होता आणि त्याला दोन सरकारांमधल्या आंतरराष्ट्रीय तहाचे बळ होते. ढकललेल्या प्रश्नाला नियम आणि राखणदार हवा. ते नसले तर थांबण्याचा काळ बलवानाच्या फायद्याचा ठरतो.

हे सारे श्रीमंत, जुनी लोकशाही असलेल्या युरोपातच शक्य आहे, असे कोणी म्हणेल, तर मिझोराम आपल्याच देशात आहे. दुष्काळाकडे झालेल्या दुर्लक्षातून तिथे असंतोष वाढला, १९६६ च्या मार्चमध्ये मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्य जाहीर केले आणि भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. त्यानंतर खेडीच्या खेडी उठवून लष्कराच्या देखरेखीखालच्या वस्त्यांत नेली गेली. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी, दिल्लीत करार झाला. फ्रंटचे नेते लालडेंगा यांच्यासमोर भारत सरकारच्या वतीने सही करणारे केंद्रीय गृहसचिव राम प्रधान हे यशवंतराव चव्हाण यांच्या हाताखाली घडलेले महाराष्ट्राचे सनदी अधिकारी होते आणि तो त्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस होता. या करारातले एक कलम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शेजारच्या राज्यांतले मिझो प्रदेश जोडून एकच घटक करावा, अशी फ्रंटची मागणी होती. सरकारने ती मान्य केली नाही आणि गाडलीही नाही. अशा बदलाची रीत राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे, सरकार मात्र कोणतेही आश्वासन देऊ शकत नाही, असे करारातच नोंदवले. मागणी जिवंत राहिली, तिचा मार्ग तेवढा बदलला. काँग्रेसचे लालथनहावला यांनी मुख्यमंत्रिपद सोडून लालडेंगांना जागा करून दिली. पुढे लालडेंगांचे सरकार गेले, निवडणुकीत ते हरले, पण जंगलात परतले नाहीत. अर्थात टेबलावर नसलेल्यांचे प्रश्न तिथेही मागे राहिले. १९९७ मध्ये हजारो ब्रू लोकांना त्रिपुरात पळावे लागले आणि त्यांच्या पुनर्वसनाचा करार व्हायला २०२० उजाडले.

मग निर्णायक विजय हाच खरा उपाय नाही का, हा प्रश्न हल्ली मोठ्या आवाजात विचारला जातो आणि श्रीलंकेकडे बोट दाखवले जाते. २००९ मध्ये तिथल्या सैन्याने लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचा पराभव केला आणि बंदुका थंडावल्या, हे खरेच. लिट्टेची क्रूरता पाहता त्या संघटनेबद्दल हळहळायचे कारण नाही. पण युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवली आहे. तमिळ प्रदेशाला सत्तेत वाटा देण्याचा मूळ प्रश्न १९८७ च्या घटनादुरुस्तीनंतरही अर्धवट आहे. उत्तर प्रांताच्या परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली, त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूकच झाली नाही. बेपत्ता झालेल्यांच्या आया रस्त्याच्या कडेला फोटो घेऊन बसत राहिल्या. जिंकणाऱ्याला हरलेल्याची संमती घ्यायची गरज उरत नाही आणि म्हणूनच तो ती घेत नाही. युद्ध संपते, वाद तुंबून राहतो. त्याला वाट काढून देणारा नियम नसल्यामुळे पुढच्या पिढीच्या हाती तो तसाच जातो.

माझ्या या म्हणण्याला एक मर्यादा आहे. एका देशाने दुसऱ्यावर सैन्य घातले तर त्याला दोन समाजांमधला वाद म्हणता येणार नाही. युक्रेनच्या बाबतीत आक्रमण कोणाचे, या प्रश्नावर धूसरपणा चालणार नाही आणि आक्रमकाला जमीन बक्षीस देणारी रीत म्हणजे शांतता नव्हे. पण तिथेही उद्या बोलणी होतील तेव्हा नकाशातल्या रेषेइतकेच महत्त्व हमीला असेल: शस्त्रसंधी मोडली तर कोण काय करणार, विस्थापितांना परतायचा हक्क कोण बजावून देणार, लोकांचा कौल बंदुकीच्या सावलीबाहेर कसा घेतला जाणार. त्यामुळे वर्तमानपत्रांतून, सभांतून, वाहिन्यांवरून शांतता योजनांची चर्चा होते तेव्हा वाचकांनी आणि श्रोत्यांनी आपले प्रश्न बदलायला हवेत. न सुटलेल्या प्रश्नाचा निर्णय पुढे कोण आणि कसा घेणार? ज्यांच्या हाती शस्त्र आहे आणि ज्यांनी घाव सोसले, ते दोघेही टेबलावर आहेत का? एका बाजूने शब्द मोडला तर जाब कोण विचारणार? लोकांचा होकार घेतला आहे का? याची उत्तरे नसलेली योजना कितीही थाटामाटात जाहीर झाली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नये. आणि ही उत्तरे असलेला करार कितीही अपुरा, कितीही कटकटीचा वाटला, तरी त्याला वेळ, पैसा आणि पाठिंबा द्यावा, कारण भांडण जिवंत ठेवून माणसांनाही जिवंत ठेवण्याची सोय त्यात असते.